पाड्यावरची भूक संपवायची तर गावगटाला काय शिकवावं, कधी आणि कसं

भूक पाड्यावरच्या सगळ्या घरांना एकाच वेळी गाठत नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडचा ४०-४५ घरांचा पाडा घेतला, तर काही घरांची कणगी शिमग्यालाच रिकामी होते, काहींची मिरगाला, आणि चार-दोन घरं नवं भात येईपर्यंत तरतात. कुठलं घर कुठल्या महिन्यात अडतं हे पाड्याला नीट ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो हिशेब. नेमके किती किलो कमी पडतात, त्यातले किती कायद्याने मिळायला हवेत आणि मिळत नाहीत, किती आपसात उसने देता येतील? गावगटाचं प्रशिक्षण म्हणजे हा हिशेब मांडायला आणि त्यावरून काम करायला शिकवणं. प्रथिनं-जीवनसत्त्वांवरची भाषणं नंतर झाली तरी चालतात. नाही झाली तरी फारसं अडत नाही.

इथे दिलेली पद्धत भात-नागली पिकवणाऱ्या आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या पाड्यांसाठी आहे. धडगाव-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटात पिकं वेगळी, बाहेर जाण्याचे महिने वेगळे. तिथे तारखा बदलाव्यात, क्रम तोच ठेवावा.

वेळ आणि माणसं

बहुतेक प्रशिक्षणं जानेवारी ते मार्चमध्ये होतात, कारण निधी ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा असतो. नेमका तेव्हा निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर असतो आणि बैठकीला येतात ते गावात राहू शकणारे, म्हणजे त्यातल्या त्यात खाऊनपिऊन बरे. म्हणून दोन टप्पे करा. पहिला टप्पा भाताची झोडणी संपत आली की, लोक बाहेर पडायच्या आत: चार बैठका. दुसरा मे अखेर ते मिरग, माणसं परत आली की: तीन बैठका. प्रत्येक बैठक दोन तासांची, पाड्यातच. तालुक्याच्या सभागृहात नेलं की बाया येत नाहीत, आणि आल्या तरी बोलत नाहीत. वेळ बायांनाच विचारून ठरवा.

गट नऊ जणांचा पुरतो. पाच-सहा घरांमागे एक माणूस. निम्म्याहून जास्त बाया हव्यात. भूमिहीन घरातलं, आणि पाड्यात कातकरी घरं असतील तर त्यांच्यातलं एक तरी माणूस हवंच. त्याच्याशिवाय केलेल्या यादीत सगळ्यात उपाशी घर हमखास सुटतं, कारण ते बहुधा पाड्याच्या कडेला असतं आणि वर्षातले सहा-सात महिने बंद असतं. लिहिता-वाचता येणारी दोन पोरं घ्या, पण त्यांना अध्यक्ष करू नका. रेशन दुकानदार, त्याचा भाऊ, आणि धान्य वाढीने देणारा सावकार गटात नको. सरपंचाला निमंत्रण जरूर द्या. गटातलं पद देऊ नका.

नवी समिती काढण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन आधीच्या समित्यांची यादी मागा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, रेशनची दक्षता समिती, अमृत आहार योजनेची आहार समिती, उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) बचत गट आणि ग्रामसंघ हे सगळं बहुतेक गावांत कागदावर असतं. आपण कुठल्या समितीत आहोत हे सदस्यांनाच माहीत नसतं, असंही पुष्कळदा निघतं. गटातली माणसं या समित्यांमध्ये आधीच असतील तर उत्तम, कारण उद्या दुकानाचं रजिस्टर बघायला मागताना दक्षता समितीचा सदस्य म्हणून मागता येतं. नसतील तर पुढच्या ग्रामसभेत रिकाम्या जागांवर त्यांची नावं घालून घ्या.

पहिली बैठक: बारा महिने जमिनीवर

सारवलेल्या अंगणात रांगोळीने बारा रकाने काढा, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. इंग्रजी महिने नकोत; आवणी, झोडणी, होळी, मिरग या खुणांनी माणसं बोलतात. प्रत्येक रकान्यात चार ओळी: घरात धान्य किती, हाताला काम किती, उसनवारी किती, आजारपण किती. दहा-दहा चिंचोके द्या आणि मांडायला सांगा. भरपूर असेल तिथे दहा, नसेल तिथे काहीच नाही.

बाया आणि पुरुष वेगवेगळे बसवा, मग दोन्ही मांडण्या शेजारी ठेवा. फरक दिसतोच. पुरुष कर्ज आणि मजुरीचे महिने नेमके सांगतात; डाळ कधी बंद झाली, तेल कधी संपलं, पोरांना जुलाब कधी लागतात, हे बाया सांगतात. आषाढ-श्रावणाच्या रकान्यात सगळं एकत्र येतं: कणगी रिकामी, आवणीचं कष्टाचं काम, पाणी गढूळ, लेकरं आजारी, आणि तान्ह्या बाळाची आई दिवसभर चिखलात. लहान मुलांचं वजन याच महिन्यांत का घसरतं, हे यानंतर वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे शिकलेलं पोरगं खडू हातात घेतं आणि म्हाताऱ्या गप्प होतात. चिंचोके वयाने मोठ्या बाईच्या हाती द्या, लिहिणाऱ्याने शेवटी फक्त उतरवून घ्यावं. प्रशिक्षकाने तर बोटही दाखवू नये.

दुसरी बैठक: एका घराचं पोट किलोत

हा सगळ्या प्रशिक्षणाचा कणा आहे. याला दोन तास कमी पडले तर तीन द्या.

आधी मापाचं ठरवा. पायली सगळीकडे सारखी नसते, आणि शीग लावून भरलेली पायली नि काठोकाठ सपाट केलेली पायली यांतही बराच फरक पडतो. सावकाराकडून घेताना सपाट आणि देताना शिगेची, ही जुनी खोड आहे. तराजू आणा, पाड्यातली पायली भाताने भरून तोला आणि तिच्यावरच किलो लिहून ठेवा. इथून पुढे सगळं किलोत.

आता नमुन्याचं एक घर घ्या, खरं नाव न घेता. चार मोठी, दोन लहान. रोज सगळं मिळून अडीच किलो धान्य शिजतं, म्हणजे महिन्याला ७५ किलो. रेशनकार्ड प्राधान्य गटातलं, सहाही नावं चढलेली: माणशी ५ किलो, एकूण ३० किलो. म्हणजे महिन्याला ४५ किलो घरचे लागतात. शेतात ४५० किलो भात झालं. कांडून साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ३०० किलो तांदूळ. ३०० भागिले ४५, पावणेसात महिन्यांना थोडं कमी. १ डिसेंबरपासून धरलं तर कणगी २० जूनच्या सुमारास संपते. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात ऑक्टोबरच्या मध्याला हाती आलं असं धरलं, तर मधल्या चार महिन्यांची तूट १८० किलो.

मग त्याच घरातली दोन नावं कार्डावरून पुसा. सून आणि तिचं लेकरू, कारण प्रत्यक्षात हीच दोन नावं राहिलेली असतात. रेशन २० किलोवर येतं, घरचे ५५ लागतात, आणि कणगी जूनऐवजी मेच्या मध्यालाच तळ दाखवते. दोन नावांचे वर्षाला १२० किलो जातात. हा आकडा चिंचोक्यांनी मांडून दाखवला की बैठकीत गलका होतो. तो होऊ द्या, आणि मगच आपापल्या घराचा हिशेब करायला सांगा. आकडे थोडे चुकले तरी हरकत नाही. प्रत्येक सदस्याला स्वतःच्या घराची तारीख काढता आली पाहिजे, आणि ती आली की मग बाकीच्या पाच-सहा घरांची.

घरोघर यादी

गटातल्या प्रत्येकाने आपली घरं पावसाळ्यात महिन्यातून एकदा फिरायची आणि पाचच प्रश्न विचारायचे. गेल्या सात दिवसांत किती दिवस: नेहमीपेक्षा हलकं-सलकं, नको ते खाऊन भागवलं? धान्य किंवा अन्न उसनं आणलं? ताटातलं कमी केलं? पोरांना पुरावं म्हणून मोठ्यांनी हात आखडला? एक वेळ चूल पेटली नाही? प्रत्येक उत्तर शून्य ते सात. उसनवारीचे दिवस दुप्पट धरा, मोठ्यांनी हात आखडल्याचे तिप्पट, बाकीचे आहेत तसे, आणि बेरीज करा. जगभर अन्नटंचाई मोजायला हीच पाच वागणुकींची बेरीज वापरतात. बेरीज मागच्या महिन्यापेक्षा वाढली की त्या घराकडे आधी बघायचं.

विचारायचं घरात, एकटीला, चुलीजवळ. ओट्यावर चार लोकांसमोर विचारलं तर कुणीच खरं सांगत नाही, आणि सांगितलंच तर पुन्हा त्या बाईला गटाच्या बैठकीला यायची लाज वाटते. ही यादी भिंतीवर लागत नाही, ग्रामसभेत वाचली जात नाही, फोटो काढून कुणाला पाठवली जात नाही. पुढे धान्य बँकेची खातेवही मात्र सगळ्यांसमोर उघडी असते. हे दोन नियम गटाच्या डोक्यात नीट वेगळे बसवा.

रेशन: सगळ्यात मोठं कोठार

पाड्यांवर काम सुरू करणारे बरेचदा धान्य बँकेपासून सुरुवात करतात, कारण ती दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. आमच्या मते हा उलटा क्रम आहे. आधीच्या हिशेबातली दोन नावं कार्डावर चढवली की घराला वर्षाला १२० किलो तयार धान्य येतं, तेही परतफेडीशिवाय. कुठलीही गावची बँक एका घराला त्याच्या चौथाईपेक्षा फार जास्त देऊ शकत नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३चा. गटाला त्यातलं इतकंच तोंडपाठ हवं: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय (सर्वांत गरीब घरांच्या) कार्डाला घरामागे ३५ किलो, माणसं कितीही असोत, जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत, कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री, आणि हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. अंत्योदयचं घर माणसांनी लहान असेल तर फायद्यात, आठ-नऊ जणांचं असेल तर तोट्यात. आठ जणांच्या घराला प्राधान्य कार्डावर ४० किलो मिळाले असते, म्हणून तिथे कार्ड विभक्त करता येतं का ते तहसील कार्यालयात विचारावं.

तिसऱ्या बैठकीला सगळ्यांनी रेशनकार्ड घेऊन यायचं. तीन रकाने: घरात माणसं किती, कार्डावर नावं किती, दुकानात मिळतं किती. पहिल्या दोनांत फरक असेल तर काम तहसीलचं, दुसऱ्या-तिसऱ्यांत असेल तर काम दुकानाचं. मात्र दुकानाशी भांडायला जाण्याआधी एक गोष्ट तपासा. कार्डाच्या पुस्तकात हाताने लिहिलेलं नाव आणि ऑनलाइन नोंदीतलं नाव या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धान्य सुटतं ते ऑनलाइन नोंदीवर. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेलं नावही अडतं.

सुनेचं नाव का राहतं? माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, माहेर दुसऱ्या तालुक्यात असतं, तिकडे जायला मजुरी बुडते, आणि माहेरचंही धान्य कमी होणार म्हणून तिकडून घाई नसते. बाळाचं नाव का राहतं? जन्म घरी झाला, नोंद झाली नाही, दाखला नाही. म्हणून गटाने एकेका घराचा पाठपुरावा न करता पाड्यातल्या सगळ्या राहिलेल्या नावांचा एकच गठ्ठा करावा आणि दोघांनी तो घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं. दोघांचा दिवस मोडतो, बाकी वीस घरांचा वाचतो. जाणाऱ्यांच्या भाड्यासाठी घरटी दहा-वीस रुपये आधीच काढा.

‘इष्टांक भरला आहे’ हे उत्तर नेहमी मिळतं. राज्याला, तालुक्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरलेली असते, त्यामुळे ते खोटं असतंच असं नाही. तरी ते लेखी मागा. आणि ग्रामसभेत मयत, लग्न होऊन गेलेली, दुबार अशी नावं वाचून त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं याचा ठराव करून जोडा. तोंडी उत्तर घेऊन परत आलेला माणूस पुन्हा जात नाही.

अर्जाचा सराव बैठकीतच करून घ्या. अर्जात पाच गोष्टी: कुणाचं कार्ड, कार्डाचा १२ आकडी नंबर, कुठल्या महिन्याचं, काय मिळालं नाही, काय हवं. दोन प्रती, एकीवर तारीख, आवक क्रमांक, सही-शिक्का. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ म्हणणाऱ्या कारकुनाची भूमिका एकाने करावी आणि बाकीच्यांनी पोच घेऊन दाखवावी. पाच-सहा वेळा केलं की हसू थांबतं आणि आवाज बसतो. तहसीलला दाद लागली नाही तर पुढची पायरी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग. १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार केली तर तक्रार क्रमांक वहीत उतरवा, नाहीतर ती केल्यासारखीच नाही.

दुकानात बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. तराजू शून्यावर आहे का. अंगठा घेतल्यावर यंत्रातून निघालेली पावती हातात देतात का. पावतीवरचा आकडा आणि पिशवीतलं वजन जुळतं का. घरी जाऊन गटाच्या तराजूवर एकदा तोला. म्हाताऱ्यांचे आणि भट्टीवर काम करणाऱ्यांचे अंगठे झिजतात, यंत्र घेत नाही. अशांची वेगळी यादी करून पर्यायी ओळखीची सोय दुकानदाराकडून आणि पुरवठा निरीक्षकाकडून आधीच ठरवून घ्या. महिनाअखेरीस कळलं तर त्या महिन्याचं गेलंच समजा.

बाहेर जाणाऱ्यांनी कार्ड बरोबर न्यावं. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे भिवंडीत काय, वापीत काय, कुठल्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. फक्त सगळंच तिकडे उचललं तर घरी राहिलेल्या म्हातारीला काही उरत नाही. जितकी माणसं तिकडे तितक्यांचंच उचलायचं, हे निघण्याआधी घरात ठरवून गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यांना आधीच धान्य पोचवण्याची तरतूद नवसंजीवन योजनेत १९९५पासून आहे. तुमचा पाडा त्या यादीत आहे का, हे एप्रिलमध्ये तहसीलला विचारावं लागतं. जूनमध्ये विचारून उपयोग नाही.

अंगणवाडी आणि दंडाचा घेर

चौथी बैठक अंगणवाडीत, ताईंच्या बरोबर. त्यांच्या पाठीमागे नाही. गटाने सेविकेवर पोलिसगिरी सुरू केली की वजनाच्या नोंदी सुधारतात आणि मुलं तशीच राहतात. लाल रंगाची, म्हणजे अतितीव्र कुपोषणाची, नोंद झाली की वरून ओरडा बसतो, हे ताईंचं दुखणं असतं. गटाने म्हणावं: खरी नोंद करा, जाब विचारायला कुणी आलं तर आम्ही बरोबर उभे राहू.

काय मिळायला हवं ते सोपं आहे. ६ महिने ते ३ वर्षं, गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार. ३ ते ६ वर्षांना गरम ताजं जेवण. आदिवासी क्षेत्रात २०१५पासून अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने एक वेळचं चौरस जेवण, आणि ७ महिन्यांपुढच्या मुलांना ठरलेल्या दिवशी अंडं किंवा केळी. ही योजना फसते ती अंतरामुळे. पाडा दोन-अडीच किलोमीटरवर असेल तर गरोदर बाई रोज जात नाही. घरातलं कुणी डबा आणतं, तो चार तोंडांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला दोन घास येतात. पाड्यातच एका घरी शिजवण्याची किंवा सगळ्याजणींनी ठरल्या वेळी मिळून जाऊन तिथेच जेवण्याची व्यवस्था आहार समितीत ठरवून घ्या.

दंडाची पट्टी लावायला प्रत्येक सदस्याला आणि शक्य तितक्या आयांना शिकवा. वय ६ महिने ते ५ वर्षं. डावा हात, खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतचा मध्य खुणेने पक्का करायचा, मग हात सैल सोडून पट्टी लावायची. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, पट्टीवर लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण; ११.५ ते १२.५च्या आत, पिवळं, म्हणजे मध्यम; त्यापुढे हिरवं. आवळून लावली तर धडधाकट मूलही लाल दिसतं, सैल लावली तर लाल मूल सुटतं. म्हणून एकच मूल तिघींनी मोजावं आणि तिन्ही आकडे दोन-तीन मिलिमीटरच्या आत येईपर्यंत सराव करावा. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का ते बघा. राहिला तर दंड कितीही भरलेला दिसो, मूल त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. लाल पट्टीतलं मूल खात-पीत असेल, ताप-जुलाब नसतील, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात; खात नसेल, सुस्त असेल तर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात. तिथे आई मुलाबरोबर राहते, म्हणून तिची मजुरी बुडते. मागे राहिलेल्या पोरांना कोण सांभाळणार हे गटाने ठरवलं नाही, तर ती दुसऱ्या दिवशी परत येते.

घरच्या आहाराबद्दल एवढंच पुरे. लहान मुलाचं पोट लहान, त्याला दिवसातून पाच वेळा द्यावं लागतं, आणि नागलीच्या पेजेत किंवा भातात प्रत्येक वेळी चमचाभर तेल घालावं. एका चमच्यात ४५ उष्मांक असतात. टाकळा, कुर्डू, शेवळ, करांदे, उडीद, कुळीथ, सुकट याबद्दल प्रशिक्षकाने पाड्यातल्या बायांना शिकवण्यासारखं काही नाही.

धान्य बँक

हिचं काम वर्षाची तूट भरणं नाही. श्रावणातले अडलेले पंधरा दिवस निभावणं आणि सावकाराकडे जायची पाळी न येऊ देणं, एवढंच आहे. महाराष्ट्रात १९७८पासून आदिवासींसाठीचं सरकारी खावटी कर्ज याच महिन्यांसाठी होतं. ते वेळेवर हाती पडण्याचा भरवसा नसायचा. पाड्यातली कणगी चावी फिरवली की उघडते.

आकडे असे मांडा. ४४ घरांचा पाडा: ३० घरं प्रत्येकी २५ किलो भात देतात, १० घरं १० किलो, ४ घरं काहीच देऊ शकत नाहीत, त्यांनी कणगी लिंपायला, धान्य वाळवायला यावं. जमले ८५० किलो, म्हणजे ५० किलोची १७ पोती. कर्ज घरटी जास्तीत जास्त ४० किलो, दोन हप्त्यांत: २० आवणी सुरू होताना, २० श्रावणात. एकदम ४० दिलं की निम्मं लवकर संपतं किंवा विकलं जातं. परतफेड ४० ला ४४. सवाईने घेतलं असतं तर ५०, दिढीने ६०. सगळं परत आलं तर ९३५ किलो होतात, त्यातले ३०-४० वाळण्या-सांडण्यात आणि किडीत जातात. वाढ अजिबात घेतली नाही तर कणगी दरवर्षी आटत जाते. जास्त घेतली तर आपणच सावकार झालो.

परतफेड खळ्यावरच घ्यायची, झोडणीच्या दिवशी. बहुतेक बँका इथे बुडतात. दिवाळीनंतर बघू म्हटलं की घर भट्टीवर गेलेलं असतं आणि भात विकलेलं. गटातल्या दोघांनी तराजू घेऊन खळ्यावर जावं, तोलावं, वहीत दोघांसमोर लिहावं. पीक खरंच बुडालं असेल तर एक वर्ष मुदत द्या, पण सगळ्या पाड्यासमोर आणि मुदत म्हणून; माफी कधीच नको. एकाला माफी मिळाली की पुढच्या वर्षी देणारे निम्म्यावर येतात. दुसरा धोका वजनदार घरांचा. ज्यांची कणगी भरलेली आहे तेच पहिल्या दिवशी उचलायला येतात. म्हणून पहिले पंधरा दिवस मासिक फेरीत बेरीज वाढलेल्या घरांसाठी राखून ठेवा. बेरीज सांगायची नाही, क्रम तेवढा पाळायचा.

साठवायचं ते भात, तांदूळ नाही. टरफलात धान्य टिकतं. नागली तर वर्षानुवर्षं राहते, देणारे असतील तर आनंदाने घ्या. डाळी नकोत, भुंगेरे धरतात. धान्य कोरडं आहे का ते दाताखाली बघा: कट्‌कन तुटलं पाहिजे, दबता कामा नये. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चिमूटभर सुकं मीठ घालून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, परत उन्हात घाला. एका घराचं ओलं पोतं शेजारच्या चार पोत्यांना बुरशी आणतं, म्हणून तपासल्याशिवाय कुणाचंच आत घ्यायचं नाही, अध्यक्षाचंही नाही.

कणगी शेण-मातीने दोन्ही बाजूंनी लिंपून पूर्ण सुकवा. पोती असतील तर वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, नाहीतर भिंतीची ओल आणि उंदीर दोन्ही लागतात. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. सोंडकिडे शिवणीत लपलेले असतात. कडुनिंबाचा पाला चालेल, पण त्याच्यावरच विसंबू नका. वैशाखात एकदा सगळं उन्हात. सेल्फॉसच्या (धान्यातली कीड मारणाऱ्या विषारी) गोळ्या राहत्या घरात किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत कधीही ठेवू नयेत. त्या वायूने माणसं मरतात. दाराला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, त्यातली एक बाईच्या हाती. खातेवही दर महिन्याला मोठ्याने वाचायची, वाचता न येणाऱ्यांना विचारायचं: तुझं किती निघालं, बरोबर आहे का?

दुसरा टप्पा आणि पुढे

मे अखेरच्या तीन बैठकांत नवं काही शिकवू नका. पहिलीत कार्डांचं काय झालं ते. दुसरीत कणगीची मोजणी आणि पहिल्या फेरीची नावं. तिसरीत कामाची मागणी. रोजगार हमीचं मूळ १९७२च्या दुष्काळात आणि राज्याचा कायदा १९७७चा, तरी आजही काम मिळतं ते लेखी मागणाऱ्याला. मागणी अर्जावर तारखेची पोच घ्या, कारण १५ दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजतात. तोंडी मागितलेलं काम मागितलेलंच नसतं. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेलं गाव असेल तर २०१५पासून ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट येतो. कणगीची खोली दुरुस्त करण्याचा ठराव ग्रामसभेत त्यावर घेता येतो का ते पाहा.

पावसाळ्यात प्रशिक्षकाने महिन्यातून एकदाच यावं आणि ओट्याच्या मागच्या बाजूला बसावं. वही गट वाचेल, अर्ज गट लिहील. दुसऱ्या वर्षी त्याने पावसाळाभर येऊच नये; आश्विनात येऊन तीन गोष्टी बघाव्यात: कार्डावर किती नावं वाढली, कणगीत किती किलो परत आले, आणि आषाढात लाल पट्टीत सापडलेल्या मुलांपैकी किती हिरवीत आली. दोन आकडे बरे असतील आणि तिसरा नसेल, तर गटाच्या नऊ जणांत कडेच्या घरातलं माणूस अजून आहे की गळलं, ते आधी विचारावं.